दुर्बीण थरथरते तेव्हा: तिवई आणि माउंटची डागडुजी

गुरू भिंगात नाचतोय अशी तक्रार घेऊन जो येतो, त्याच्या डोक्यात बहुतेक वेळा मोठं माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारा तिवईवरचा भाग, घ्यायचा बेत आधीच शिजलेला असतो. मी म्हणतो, पैसे खिशात ठेवा आणि तिवई इथं उभी करा. मी कोल्हापूरचा. नोकरी उद्यमनगरात फिटरची केली, दुर्बिणीचं वेड नंतर लागलं. आकाश माझ्यापेक्षा जास्त ओळखणारे पुष्कळ आहेत, पण सैल बोल्ट कुठं आहे ते मला अंधारातही हाताला कळतं. इथं लिहितोय ते त्या हाताच्या भरवशावर.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माउंटबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक ४०-५० अंश अक्षांशावरच्या, थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. माउंटची रचनाही त्यांचंच आकाश डोळ्यासमोर ठेवून झालेली असते. कोल्हापूर साधारण १६.७ अंशांवर, पुणे साडेअठरावर, मुंबई १९ वर, नागपूर २१ वर. इथं तेच माउंट वेगळ्या पद्धतीनं वाकतं, वेगळ्या जागी घासतं आणि पावसाळ्यात वेगळ्या कारणानं आजारी पडतं.

आधी टिचकी

काहीही खोलण्याआधी ही परीक्षा करा. दीडशेपटीच्या आसपास मोठं दिसेल अशी आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावा, एखादा ठळक तारा मध्यावर आणा आणि नळीला बोटानं टिचकी मारा. तारा थरथरून शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. एक-दोन सेकंदांत थांबला तर माउंटला हात लावू नका, बघत बसा. तीन-चार चालून जातात. पाचाच्या वर गेला तर कुठंतरी काहीतरी सैल आहे किंवा लवतंय.

आता दुसऱ्या माणसाला तिवईचा एक पाय मधोमध घट्ट धरायला सांगा आणि पुन्हा टिचकी मारा. थरथर लवकर थांबली तर दोष पायांत. फरक पडला नाही, तर त्याला तिवईचं डोकं धरायला सांगा, मग माउंटचं बूड. असं खालून वर जात राहिलं की चोर सापडतो. दिवसा करायचं असेल तर माउंट हातानं हळूच पिळा आणि दुसऱ्या हाताचं बोट प्रत्येक सांध्यावर आडवं ठेवा. सांधा सरकत असेल तर बोटाखाली जाणवतं, डोळ्याला दिसणार नाही एवढं असलं तरी.

माझ्याकडे आलेल्या माउंटांपैकी निम्म्याहून जास्त चोर पायात सापडले आहेत.

पाय

ॲल्युमिनियमच्या पोकळ पायांचे दोन दोष. एक, वरच्या बिजागरीचे बोल्ट वापरून सैल होतात. साधे नट काढून नायलॉनचं कडं असलेले नट लावा, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर घाला आणि पाय जरा जोर लावूनच हलेल इतपत आवळा. प्लॅस्टिकच्या बिजागरीला त्याहून जास्त आवळलं तर ती चिरते.

दुसरा दोष म्हणजे आतला सरकता पाय. लोक तो पूर्ण बाहेर काढून उभ्यानं बघतात. एका टोकाला धरलेल्या दांड्याची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोरानं तो आठपट वाकतो, हा हिशोब कुठल्याही वर्कशॉपमधला पोरगा सांगेल. म्हणून पाय पूर्ण आत घ्या आणि स्टुलावर बसून बघा. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर वारा सुटला की याचा फरक इतका पडतो की उभ्यानं बघणारे स्वतःहून स्टूल मागायला येतात.

मधली ताटली, जिच्यावर आयपीस ठेवतो, ती बहुतेक ठिकाणी पातळ पत्र्याची असते. ती बदला. १८ मिलिमीटर प्लायवूडचा त्रिकोण कापा, त्याची टोकं पायांना आतून टेकून त्यांना बाहेर दाबतील असा. मधून एम-१० चा आटेवाला रॉड वर तिवईच्या डोक्यापर्यंत न्या आणि खालून पंखाच्या नटानं आवळा. तिन्ही पाय ताणात आले की तिवई एकसंध होते. माझ्या मते एवढ्या खर्चात याहून जास्त फायदा देणारा दुसरा बदल नाही. पाण्याचा कॅन मधोमध टांगायची युक्तीही चालते, पण कॅन झुलता कामा नये. तो जमिनीला जेमतेम टेकेल इतका खाली सोडा.

पोकळ पायांत कोरडी वाळू भरणारे आहेत. कंप नक्की कमी होतो, पण मग ती तिवई उचलून पन्हाळ्याच्या वाटेनं न्यायची कोणी? घरी गच्चीवरच राहणार असेल तर भरा. वाळू आधी उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर पाय आतून सडतील.

लाकडी पाय मात्र मी मनापासून सुचवतो. लाकूड कंप गिळतं, धातू तो वाजवत ठेवतो. जर्मनीतल्या बर्लेबाखच्या तिवया ॲश लाकडाच्या असतात आणि जगभर नावाजल्या जातात. आपल्याकडे ॲश सहज मिळत नाही, पण जुन्या घराच्या तुळया-चौकटीचं सागवान मिळतं, आणि जुनं सागवान पुरतं वाळलेलं असल्यामुळं पीळ घेत नाही. प्रत्येक पायाला ४० बाय २० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, मध्ये सरकणारी तिसरी. सुताराला रेषा सरळ असलेलं, गाठ नसलेलं लाकूडच घ्यायला लावा. टोकांना, म्हणजे जिथं लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात तिथं, वॉर्निशचे दोन-तीन हात द्या. पाणी तिथूनच आत जातं. बाकी अंगाला जवसाचं तेल पुरे.

पायाखाली काय आहे हेही बघा. पठारावर जांभा उघडा असतो तिथं पायाचं टोक थेट दगडावर टेकवा, त्यासारखं काही नाही. दिवाळीच्या आसपास माती अजून मऊ असते आणि तासाभरात एक पाय बोटभर खचतो. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा ठेवा. वॉशिंग मशीनखाली ठेवतात ते रबरी पॅड गच्चीच्या स्लॅबवर कामाचे आहेत, मातीत निरुपयोगी. फोटो काढणार असाल तर रबर वजनाखाली दबून स्थिर होईपर्यंत अर्धा तास थांबा, मगच माउंटचा अक्ष ध्रुवाशी जुळवा.

गच्चीवर तिवई कधीही स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. तिथं स्लॅब सगळ्यात जास्त लवतो. खाली कॉलम किंवा तुळई कुठं आहे ते घरात जाऊन बघा आणि बरोबर तिच्यावर उभी करा.

ज्यांना जागा आहे त्यांनी काँक्रीटचा खांबच घालावा. खांब जाड असू द्या, उंच नको. सहा इंची ऐवजी आठ इंची पाइपात काँक्रीट भरलं तर ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. घराच्या पायाशी किंवा जोत्याशी खांब जोडू नका.

कमी अक्षांशाचं दुखणं

जर्मन पद्धतीच्या विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो, आणि दुर्बिणीच्या विरुद्ध बाजूला दांड्यावर तोलाची वजनं असतात. हा ध्रुवअक्ष आपल्या अक्षांशाएवढा वर तोंड करतो. लंडनला तो ५१ अंशांवर उभा असतो, कोल्हापुरात १६.७ वर जवळजवळ आडवा पडतो. त्यातून तीन गोष्टी घडतात.

पहिली, दुर्बीण आणि वजनं यांचा भार तिवईच्या मध्यापासून उत्तरेकडे जास्त बाहेर येतो, लंडनच्या सुमारे दीडपट. म्हणून तिवईचा एक पाय न चुकता उत्तरेलाच हवा. भार दोन पायांच्या मध्ये आला तर तिवई कलंडायला निम्मं अंतर पुरतं.

दुसरी, वजनाचा दांडा खाली असताना उभ्या रेषेपासून फक्त १६-१७ अंश उत्तरेला झुकतो, आणि उत्तरेचा पायही साधारण तेवढाच कललेला असतो. म्हणजे दांडा पायाला समांतर, वजन पायावर घासतंय. ध्रुवाकडे तोंड करून ठेवलेल्या मूळ स्थितीत आणि पूर्व-पश्चिमेला क्षितिजाजवळचं काही बघताना हे होतं. मोटर चालू असेल तर आतले गिअर ओरडतात. यावर काही जण तिवई ६० अंश फिरवून दांड्याला दोन पायांच्या मध्ये जागा करतात. मी त्याच्या विरोधात आहे, कारण वर सांगितलेला कलंडण्याचा धोका तिथं पुरेपूर आहे. तिवई आणि माउंट यांच्यामध्ये वीत-दीड वीत उंचीचा पोकळ नळा बसवा. पाच-सहा इंची जाड एमएस (साध्या पोलादाचा) पाइप, दोन्ही टोकांना दहा मिलिमीटरच्या चकत्या वेल्ड करून लेथवर तोंडं समांतर घ्यायची, एवढंच काम आहे. टर्नरला मूळ तिवईचं डोकं नेऊन दाखवा. मापं तोंडी सांगाल तर मधली खाच हमखास सैल येते.

वजनांबद्दल इथंच सांगून टाकतो. दांड्याच्या टोकाला ५ किलो ४० सेंटिमीटरवर लावा किंवा १० किलो २० सेंटिमीटरवर, तोल तोच राहतो. पण फिरण्याला होणारा जडत्वाचा विरोध दुसऱ्यात निम्मा असतो आणि थरथर लवकर मरते. वर पायाला घासणंही टळतं. म्हणून जड वजन, आखूड दांडा. व्यायामशाळेतली बिडाची ताटं स्वस्त पडतात. त्यांच्या भोकात नायलॉनची बुश (आत बसणारी नळी) लेथवर करून घ्या, दांड्याच्या व्यासाला बेतशीर. दांड्याच्या खालच्या टोकाचा अटकाव स्क्रू मात्र कधीच काढून ठेवू नका. वजन सुटलं तर पायाची बोटं वाचवायला तो आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे अक्षांश बसवायचा बोल्ट. भार जेवढा आडवा, तेवढा या बोल्टवर ताण. तो वाकतो, त्याचं टोक पसरतं, आणि मग आट्यातून बाहेरही येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून त्याच आट्याचा, डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेला, म्हणजे जास्त ताकदीचा बोल्ट आणा, टोक कानशीनं गोल करा, ग्रीस लावा. अक्षांश बदलताना वजनं आणि दुर्बीण उतरवता आली तर उत्तम. नाहीतर एका हातानं माउंटचं डोकं उचलून धरा आणि मग बोल्ट फिरवा. शेवटची हालचाल नेहमी खालून वर ढकलणारी असू द्या, म्हणजे डोकं बोल्टवर नीट बसतं.

नवं माउंट घेणाऱ्यांनी अक्षांशाची पट्टी कुठपर्यंत उतरते ते पैसे देण्याआधी बघावं. थोडक्यात अडत असेल तर उत्तरेचा पाय आखूड करून काम भागतं. पाय जमिनीवर ९० सेंटिमीटर पसरले असतील तर दोन अंशांसाठी साधारण तीन सेंटिमीटर.

ध्रुव दिसत नाही तेव्हा

सोळा-सतरा अंशांवरचा ध्रुवतारा म्हणजे शेजाऱ्याची पाण्याची टाकी. दिसला तरी धुळीत. शिवाय तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जरा जास्त दूर आहे. नुसतं बघायचं असेल तर अक्ष उत्तरेला करायला होकायंत्रावर भागतं. आपल्या भागात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत फारसा फरक नाही. फक्त होकायंत्र लोखंडी वजनांपासून चार पावलं लांब धरा.

फोटोसाठी मात्र अक्ष ताऱ्याच्या सरकण्यावरून जुळवा. हिवाळ्यात मृगातल्या बाणाचे तीन तारे वैषुविक वृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात येणाऱ्या वर्तुळाला, चिकटून आहेत, ते याला आयते. आधी भिंगात दक्षिण कुठं ते ठरवा: नळी किंचित उत्तरेकडे ढकला, तारा ज्या बाजूला सरकेल ती दक्षिण. आता याम्योत्तराजवळचा, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळचा, तारा मध्यावर घेऊन मोटर चालू ठेवा. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला आहे, माउंट थोडं पश्चिमेकडे वळवा. उत्तरेकडे सरकला तर उलटं. ते झालं की पूर्वेला क्षितिजापासून थोडा वर आलेला तारा घ्या. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उचला. उत्तरेकडे सरकला तर उतरवा. पूर्व-पश्चिमेच्या सरकण्याकडे या वेळी दुर्लक्ष करा.

खोलायचं असेल तर

नवीन माउंट हातानं फिरवताना चिकट, ओढल्यासारखं लागतं, कारण कारखान्यातून भरलेलं ग्रीस डिंकासारखं असतं. ते काढून नवं भरलं की माउंट ओळखू येत नाही इतकं हलकं फिरतं.

ॲलन की चांगल्या घ्या. स्वस्तातल्या कीची धार गोल होते आणि बोल्टचं डोकं घेऊन जाते. पांढरी चादर अंथरा, प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढा, आणि वॉशर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा. काही माउंटात कागदासारख्या पातळ पितळी चकत्या असतात, त्या जुन्या ग्रीसबरोबर फडक्यात जातात आणि मग सांध्यात खेळ का आला हे कोणाला कळत नाही.

धुवायला रॉकेल आता सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश वापरा, उघड्या हवेत. प्लॅस्टिकच्या भागांना फक्त साबणाचं पाणी, थिनर लागला तर ते विरघळतात. मोठ्या माउंटात बॉल बेअरिंग असतात. त्यांच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो बेअरिंगच्या दुकानात दाखवला की तेच मिळतं. लहान माउंटात नुसती बुश आणि प्लॅस्टिकची चकती असते. ती झिजली असेल तर टेफ्लॉनच्या पत्र्याची तेवढ्याच जाडीची कापून घाला.

नवीन ग्रीस म्हणजे मोटारच्या स्पेअर पार्टवाल्याकडचं साधं लिथियम ग्रीस. बाहेरून महागडं मागवायचं कारण मला दिसत नाही. उणे तापमानात चालणाऱ्या ग्रीसची गरज ज्यांना आहे ते बर्फात उभे असतात, आपला प्रश्न एप्रिलमध्ये पातळ होऊन गळण्याचा. वर्मवर (चाकाच्या दातांत अडकून ते फिरवणारा स्क्रूसारखा दांडा) आणि चाकाच्या दातांत पातळ थर पुरे. गोळे भरले तर धूळ धरतात. क्लचच्या (अक्ष धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) घर्षणाच्या जागेला ग्रीस लागू देऊ नका, नाहीतर दुर्बीण आपोआप खाली घसरेल. गंज सोडवणारा स्प्रे वंगण म्हणून मारू नका, तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो.

आता वर्म आणि चाक यांतला खेळ. दांड्याचं टोक धरून अलगद मागं-पुढं केलं की टक टक लागतं, तो. वर्मच्या घराचे मुख्य बोल्ट पाव फेरा सैल करा आणि ढकल-ओढ करणाऱ्या बारीक स्क्रूंनी वर्म चाकाजवळ आणा. एका वेळी फेऱ्याचा सोळावा भाग, त्याहून जास्त नाही. चाक अगदी गोल नसतं, म्हणून पूर्ण ३६० अंश फिरवून जिथं सगळ्यात घट्ट लागतं तिथं जुळवा. तिथं मोकळं फिरलं पाहिजे, बाकी ठिकाणी थोडा खेळ राहिला तरी चालेल. खेळ शून्य करायच्या हट्टापायी मोटरी जळतात.

गॅरेजवाल्यांची सवय म्हणजे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून वर्म आणि चाक एकमेकांवर चालवणं. पितळी चाकाला हे करू नका. पेस्टचे कण मऊ पितळात रुततात आणि पुढं कायम वर्म खात राहतात.

मागोवा घेताना तारा पुढं-मागं डुलतो तेव्हा घड्याळ लावा. ईक्यू-५ धाटणीच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या विषुववृत्तीय माउंटात चाकाला १४४ दात असतात. पृथ्वीची ताऱ्यांच्या हिशोबानं एक फेरी ८६,१६४ सेकंदांची, म्हणजे वर्मचा एक फेरा सुमारे ५९८ सेकंदांचा. त्याहून मोठ्या ईक्यू-६ ला १८० दात, तिथं ४७९ सेकंद. डुलणं याच कालावधीनं परत येत असेल तर ते वर्मचं आहे आणि गायडिंगनं, म्हणजे कॅमेऱ्यानं ताऱ्यावर नजर ठेवून मोटरला दुरुस्ती देत राहिलं की, ते सावरतं. त्याहून भराभर येत असेल तर मोटरजवळचे छोटे गिअर तपासा, त्यांच्या जागी दात असलेला पट्टा बसवला तर ते जातं. कालावधीच नसेल तर वारा, सैल बोल्ट किंवा लोंबणारी केबल. पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवली की दात एकाच अंगानं टेकून राहतात आणि खेळ असला तरी दिसत नाही.

ॲल्युमिनियममधले आटे गेले तर माउंट टाकून देऊ नका. मोटारसायकलच्या स्पार्क प्लगचे आटे दुरुस्त करणाऱ्याकडे हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून मिळतं आणि ते मूळ आट्यापेक्षा मजबूत असतं.

डॉब्सनवाल्यांसाठी थोडं

जॉन डॉब्सन यांनी रूढ केलेल्या, दुर्बीण धरणाऱ्या साध्या लाकडी पेटीला बिघडायला फारसं काही नाही. ती अडखळत हलत असेल तर टेफ्लॉनच्या तुकड्यांचा आकार तपासा: एक चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भार हवा. वरचा सगळा डोलारा २४ किलोचा आणि खाली तीन तुकडे असतील, तर प्रत्येक तुकडा २८ मिलिमीटर चौरस. तुकडे बरोबर पायांच्या वर ठेवा, नाहीतर फळी लवते. त्यांच्यावर फिरणारा सनमायका दाणेदार घ्या. गुळगुळीत चकचकीत सनमायका टेफ्लॉनला चिकटतो आणि झटक्यानं सुटतो, त्यामुळं शनी दर वेळी पुढं निघून जातो. असलेला बदलायचा नसेल तर लाकडाचं मेण-पॉलिश चोळून बघा.

मे संपता संपता

वळीव सुरू झाला की दुर्बिणीचं काम आवरतं घ्या. वजनं उतरवा, क्लच सैल सोडा, हँडसेटमधले सेल काढा, वजनाच्या दांड्याला मशीन ऑइलचा हात फिरवा. कोकणातल्या मंडळींनी बाहेरचे सगळे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे करून घ्यावेत, आणि ते ॲल्युमिनियममध्ये बसवताना आट्याला ग्रीस लावावं, नाहीतर खाऱ्या हवेत दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. अक्षांशाच्या बोल्टला मात्र स्टेनलेस नको, तो मऊ पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत माउंट गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. सुती चादर टाका आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत फक्त मोटरी आणि हँडसेट ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, स्वयंपाकाचा तवा सोडून. श्रावणात एखाद्या कोरड्या दिवशी दोन्ही अक्ष हातानं चार फेरे फिरवा, म्हणजे ग्रीस एका जागी बसत नाही. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्यावर आधी तिवईचे बोल्ट पुन्हा आवळा, कारण लाकूड पावसात फुगून आता परत आक्रसलेलं असतं.